रायफल स्कोप (लक्ष्य नेमबाजीतील)

लक्ष्य नेमबाजीत रायफलीवर बसवली जाणारी दुर्बीण. ती दोन कामे करते : लक्ष्य मोठे करून दाखवते आणि नेमाची फुली, म्हणजे रेटिकल, त्या लक्ष्याच्याच पातळीवर आणून ठेवते. यातले दुसरे काम जास्त मोलाचे आहे. साध्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन निरनिराळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकदम पाहाव्या लागतात आणि स्पष्ट दिसते त्यांतली एकच. चाळिशी लागलेल्या नेमबाजाची तर इथेच पंचाईत होते. स्कोप ही अडचण मुळातूनच काढून टाकतो.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटली की ज्यांची नावे निघतात त्यांच्या रायफलींवर मात्र स्कोप नसतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. दोघांनीही नेम धरला तो पीप साइटने, म्हणजे मागच्या चकतीतले बारीक छिद्र आणि पुढचे कडे यांच्या जोडीने. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलीच्या या स्पर्धांना दुर्बीण चालत नाही. सरकत्या लक्ष्याच्या १० मीटर प्रकारात ती चालते, पण चारपटींपर्यंतच. हा प्रकार २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेला. स्कोपचे खरे राज्य बेंचरेस्ट आणि एफ-क्लास या प्रकारांत आहे. बेंचरेस्टमध्ये रायफल टेबलावरच्या वाळूच्या पिशव्यांवर टेकवून १०० व २०० यार्डांवर गोळ्यांचा पुंजका किती लहान येतो ते मोजतात. एफ-क्लास कॅनडात जन्मला. त्यातला ‘एफ’ जॉर्ज फार्कर्सन यांच्या आडनावाचा. नजर आणि हात थकलेल्या जुन्या नेमबाजांना दुर्बीण व टेकू घेऊन लांब पल्ल्याची नेमबाजी चालू ठेवता यावी, हा त्यामागचा विचार होता.

रायफलीवरची दुर्बीण तशी जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून रायफलीच्या नळीइतके लांब स्कोप बनवले. विसाव्या शतकात पिट्सबर्गच्या जॉन उनर्टल यांचे स्कोप लक्ष्य नेमबाजांत नावाजले गेले. त्यांत नेम सुधारण्यासाठी अख्खी दुर्बीण बाहेरच्या स्क्रूंनी हलवावी लागे. आजच्या स्कोपमध्ये बाहेरची नळी जागची हलत नाही. आत एक छोटी नळी असते, तिच्यातली भिंगे उलटी प्रतिमा सुलटी करतात, आणि वरची व बाजूची चकती (टरेट) फिरवली की स्प्रिंगच्या दाबाखाली तीच नळी सरकते. जाड नळीचा, म्हणजे २५.४ मिमीऐवजी ३० किंवा ३४ मिमीचा, फायदाही याच कारणाने होतो : आतल्या नळीला सरकायला जास्त जागा मिळते. जाड नळीतून उजेड जास्त येतो, हा समज दुकानातल्या काउंटरवर पसरलेला आहे. त्यात तथ्य नाही.

निवड : गिऱ्हाईक प्रथम विवर्धन विचारते आणि तिथेच फसते. डोळ्याला साधारण १ मिनिट कोनाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील ओळखता येतो. ४० मिमी व्यासाच्या वस्तुभिंगाची मर्यादा सुमारे २.९ सेकंद (सेकंद म्हणजे या मिनिटाचा साठावा भाग). म्हणजे वीस-पंचवीस पटींपर्यंत त्या भिंगाने दिलेले जवळजवळ सारे डोळ्यापर्यंत पोचलेले असते. पुढे प्रतिमा मोठी होते, नवे काही दिसत नाही. बेंचरेस्टवाले ३६ किंवा ४५ पटींचे स्थिर विवर्धनाचे स्कोप वापरतात ते फुलीचा मध्य कागदावर बारकाईने टेकवण्यासाठी. तिथे रायफल हलत नाही आणि पल्लाही कमी असतो, म्हणून ते निभते. लांब पल्ल्यावर, तापलेल्या मैदानावर, हेच विवर्धन हवेची थरथरही तितकेच वाढवते. लक्ष्याचे काळे वर्तुळ मृगजळात उकळू लागले की अनुभवी नेमबाज विवर्धन उतरवतात, आणि त्याच थरथरीच्या कलावरून वारा कुठून आहे तेही वाचून घेतात.

वस्तुभिंगाच्या आकाराचेही असेच आहे. त्याचा व्यास विवर्धनाने भागला की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ५० मिमी भिंग व २५ पट विवर्धन असेल तर ती २ मिमी, आणि भर दुपारी डोळ्याची बाहुली तेवढीच उघडी असते. पहाटेच्या शिकारीसाठी रुंद भिंगाला अर्थ आहे; दिवसाउजेडी कागदावर नेम धरणाऱ्याला नुसत्या उजेडासाठी त्याचे वजन वाहण्याचे कारण नाही. वजनाला तर नियमांचीच वेसण आहे. बेंचरेस्टच्या हलक्या गटात स्कोपसह रायफल साडेदहा पौंडांची (४.७६ किग्रॅ), एफ-क्लासच्या टीआर गटात ८.२५ किग्रॅ, खुल्या गटात १० किग्रॅ.

पैसे घालायचेच तर ते दोन गोष्टींत घालावेत : टरेटचा प्रामाणिकपणा आणि पराशय (पॅरॅलॅक्स) दूर करण्याची सोय. टरेटचा प्रत्येक ‘क्लिक’ ठरावीक कोन देतो. १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर २९.१ मिमी, लक्ष्य नेमबाजीच्या स्कोपमध्ये बहुधा अष्टमांश मिनिटाचा क्लिक असतो, म्हणजे तिथे ३.६ मिमी. मिलिरेडियनच्या टरेटवर ०.१ चा क्लिक १०० मीटरवर नेमका १ सेंमी होतो. हिशेबाला हा सोपा, पण बारकाव्याला जाडा. रेटिकल बारीक रेषांचे किंवा मध्ये ठिपका असलेले घ्यावे. ते मागच्या नाभिप्रतलात असेल तर विवर्धन वाढवूनही रेषा जाड होत नाहीत, म्हणून कागदी लक्ष्यासाठी हीच रचना बरी. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर मात्र तिच्यासाठी बनवलेलाच स्कोप हवा. तिचा पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देतो, आणि मोठ्या बोअरचा धक्का वर्षानुवर्षे सोसणारे स्कोपही त्यापुढे खिळखिळे होतात.

पराशय : लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल एकाच प्रतलात नसतील तर डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. स्कोप १०० मीटरसाठी जुळवलेला असेल, भिंग ४० मिमीचे असेल आणि नेमबाजी ५० मीटरवर चालू असेल, तर डोळा झोताच्या अगदी कडेला गेल्यावर चूक १० मिमीपर्यंत जाते. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे सगळे वर्तुळच १०.४ मिमीचे असते. १० मीटरवर ही चूक १८ मिमी होईल. म्हणून स्थिर पराशयाचा शिकारी स्कोप एअर रायफलीवर चढवणे म्हणजे गुण हाताने फेकणे.

जुळणी : रायफल रिकामी करून, बोल्ट काढून मगच हात घालावा. पट्टी (रेल) आणि कड्या आधी पक्क्या कराव्यात. ‘स्कोप बिघडला’ म्हणून आलेल्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा एखाद्या सैल स्क्रूत सापडते. लांब पल्ल्यासाठी पुढे २० मिनिटे उतार दिलेली पट्टी घेतात, म्हणजे आतली नळी टोकाला न जाता मध्याजवळ राहते. प्रतिमा मध्याजवळ चांगली दिसते आणि वर जायला क्लिकही शिल्लक राहतात.

कड्या ढिल्या असतानाच नेमबाजाने आपल्या नेहमीच्या पवित्र्यात, विवर्धन सर्वांत जास्त ठेवून, डोळे मिटून गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. काळी कड न दिसता पूर्ण गोल उजळ दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवावा. डोळ्यापासून नेत्रभिंगाचे अंतर साधारण ८ ते १० सेंमी येते. पालथे झोपून मारताना डोके बेंचपेक्षा पुढे येते, म्हणून टेबलावर लावलेले अंतर तिथे चालत नाही.

यानंतरच्या पायरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते : रेटिकलची उभी रेषा खरोखर उभी आहे का? रायफल पाणसळीने समतल करून दूर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी ती रेषा जुळवावी. १०० मीटरवर थोडे कलणे लपून जाते, पुढे नाही. ०.३०८ इंची रायफलीला १००० यार्डांवर, १०० यार्डांच्या झिरोवरून, म्हणजे त्या अंतरावर फुली जिथे तिथेच गोळी पडेल अशा जुळणीवरून, साधारण ३५ ते ४० मिनिटे वर जावे लागते. तिथे एका अंशाचा कल गोळी १६ ते १८ सेंमी बाजूला टाकतो. एफ-क्लासमध्ये त्या पल्ल्यावरचे पूर्ण गुणांचे वर्तुळ २५ सेंमीच्या आसपास, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १२.७ सेंमी. कड्यांचे स्क्रू आवळताना नळी स्क्रूच्या दिशेने हळूच फिरते, म्हणून ते तिरपे, आळीपाळीने, टॉर्क रेंचने आवळावेत. कड्यांच्या वरच्या स्क्रूंना सहसा २ न्यूटन-मीटरच्या आत जोर पुरतो. उत्पादकाने दिलेला आकडा असेल तर तोच पाळावा.

नेत्रभिंगाची कडी स्वच्छ आकाशाकडे (सूर्याकडे कधीच नाही) पाहून जुळवतात. पहिल्याच कटाक्षात फुली टोकदार दिसली पाहिजे. टक लावून पाहिले की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग लक्ष्याकडे पाहत पराशयाचे बटण फिरवावे आणि डोके किंचित हलवून फुली लक्ष्यावरून सरकत नाही ना ते पाहावे. बटणावर लिहिलेले मीटर हा केवळ अंदाज असतो.

झिरो करताना आधी बोल्ट काढलेल्या रायफलीच्या नळीतून २५ किंवा ५० मीटरवरचे वर्तुळ मध्यात धरायचे आणि रायफल न हलवता फुली त्यावर आणायची. पहिली गोळी निदान कागदावर तरी पडते. पुढे एका गोळीवर निर्णय करू नये. पाच गोळ्यांच्या पुंजक्याचा मध्य मोजावा. तो ५० मीटरवर २७ मिमी डावीकडे असेल तर अष्टमांश मिनिटाच्या टरेटवर, जिथे क्लिक १.८ मिमीचा पडतो, १५ क्लिक उजवीकडे. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, फुली कुठे जाईल ते नव्हे.

टरेटची परीक्षा न मारताही होते. १०० मीटर फितीने मोजून तिथे मीटरपट्टी उभी करावी, रायफल घट्ट बांधावी, टरेटवर १० मिलिरेडियन फिरवावेत. फुली बरोबर १ मीटर सरकली आणि तेवढेच उलटे फिरवल्यावर मूळ खुणेवर परतली, तर स्कोप विश्वासाचा. थोडे कमी-जास्त पण दर वेळी तेवढेच भरत असेल, तर तो आकडा वहीत लिहून हिशेबात धरता येतो. दर वेळी वेगळे येत असेल तर स्कोप परत करावा. स्कोप काढून पुन्हा बसवल्यावर किंवा काडतुसांचा लॉट बदलल्यावर झिरो नव्याने तपासावा लागतो.