जिमखान्याची कुळकथा

छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत जामदारखाना, फरासखाना, नगारखाना यांच्या पंक्तीला तालीमखानाही आहे. म्हणजे शरीर कमावण्यासाठी राखलेल्या जागेला ‘खाना’ हे फारसी पद जोडण्याची आपली रीत इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीची आहे. ‘जिमखाना’ हा शब्द मराठी कानाला कधी परका वाटला नाही, त्याचे कारण हेच असावे. वस्तुतः तो संकरातून जन्मला. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात असे म्हटले आहे की, साहेबलोकांच्या रॅकेट खेळण्याच्या कोर्टाला हिंदुस्थानी माणसे गेंदखाना, म्हणजे चेंडूचे घर, म्हणत. त्यातला ‘गेंद’ गळाला आणि त्याच्या जागी ‘जिम्नॅशियम’चा पूर्वार्ध येऊन बसला. या शब्दाचा त्यांना लागलेला सर्वांत जुना माग १८६१ सालचा, रुडकीचा आहे.

मुंबईत हा शब्द रुजला तो १८७५ साली, बॉम्बे जिमखान्याच्या स्थापनेने. किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये म्हणून तटाबाहेर जी विस्तीर्ण जमीन मोकळी ठेवली होती, त्या एस्प्लनेड मैदानाच्या एका टोकाला, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या दक्षिणेस, तो उभा राहिला आणि त्याचे सभासदत्व केवळ युरोपियनांपुरते ठेवण्यात आले. येथेच खरी कथा सुरू होते. कारण ही जमीन काही निर्जन नव्हती. पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापिला तो १८४८ साली, म्हणजे जिमखान्याच्या सत्तावीस वर्षे अगोदर, आणि १८६६ पासून हिंदूंचेही मंडळ त्याच मैदानात खेळत होते. जिमखान्याच्या सभासदांनी तेथे पोलो सुरू केला, तेव्हा घोड्यांच्या टापांनी जमिनीची अशी दुर्दशा झाली की त्या खळग्यांवर पडलेला चेंडू कोठे उसळेल याचा भरवसा राहिना. जिमखान्याचे स्वतःचे राखीव क्रिकेटमैदान मात्र या टापांपासून सुरक्षित होते! १८८१ साली शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज गुदरला. पोलो कूपरेजकडे हलविण्याचा हुकूम निघाला, आणि पुढे तो फिरविण्यातही आला. शापुरजी सोराबजी यांनी या लढ्याचा साद्यंत वृत्तांत १८९७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. साध्या खेळाच्या जागेसाठी दफ्तरी भाषेत, नेमस्तपणे, पण मुळीच न वाकता केलेली ती तक्रार वाचताना आपल्या सार्वजनिक जीवनाच्या बाल्यावस्थेचे जे दर्शन घडते, ते मला सभापरिषदांच्या अहवालांतूनही घडलेले नाही.

मैदान मिळेना, तेव्हा पारशांनी जिमखाना मागितला. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला. त्याच्या धुरीणांत जमशेटजी टाटा होते. त्याला समुद्रकाठी केनेडी सी-फेसवर जागा मिळाली, आणि गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकीर्दीत त्याच ओळीत मुसलमानांचा व हिंदूंचा जिमखाना आला. हिंदूंच्या जिमखान्याला देणगीदार घराण्यातील परमानंददास जीवनदास यांचे नाव मिळाले. ज्या दाराने सर्वांना बाहेर ठेवले, त्याच दाराच्या नमुन्यावर प्रत्येकाने आपापले दार घडविले, याचे मला अजून वाईट वाटते. पुढे युरोपियन आणि पारशी यांचे सामने १९०७ साली हिंदू आल्याने तिरंगी, १९१२ साली मुसलमान आल्याने चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी झाले, ते याच वाटणीच्या पायावर.

परंतु हिंदू जिमखान्याच्या दारातून आत आलेला एक मनुष्य असा होता की, त्याच्यापुढे ते कुंपण खुजे ठरले. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले डावखुरे गोलंदाज. पुण्यात सहखेळाडूंच्या पंगतीबाहेर मातीच्या पात्रातून चहा घेणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांनी आणि त्यांचे बंधू शिवराम यांनी १९०६ च्या फेब्रुवारीत, खुद्द बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर, युरोपियनांविरुद्ध हिंदूंना १०९ धावांनी विजय मिळवून दिला. कप्तानपद मात्र बाळूंना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदूंचे कप्तान झाले, तेव्हा बाळूंचा खेळ संपलेला होता.

त्याच १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला. त्याच्या नावात कोणत्याही धर्माचा वा जातीचा निर्देश नव्हता, होता तो केवळ प्रदेशाचा, आणि या कुळातील ही शाखा मला विशेष प्रिय आहे. त्याच्या क्रीडामेळाव्यात लांब पल्ल्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावली. ते पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या मनाने असे घेतले की, हे धावपटू ऑलिंपिकला गेलेच पाहिजेत. १९२० साली अँटवर्पला जो छोटा चमू गेला, त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले.