थिबा राजा मिशनऱ्याच्या शाळेत शिकला होता

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणालाही विचारा, थिबा पॅलेसचा रस्ता सांगेल. ब्रह्मदेशचा राजा इथे कैदेत होता, हेही सांगेल. १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं, १८८६ ला त्याला रत्नागिरीत आणलं, १९१६ ला तो इथेच वारला. (आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात! असली अदलाबदल इतिहासच करू जाणे.)

पण या बौद्ध राजाचं शिक्षण काही काळ ख्रिस्ती शाळेत झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचे वडील मिंडोन कट्टर बौद्ध. त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं, १८७१ ला धम्मसंगीती भरवली. त्याच राजाने डॉ. मार्क्स या मिशनऱ्याला मंडालेत बोलावलं, स्वखर्चाने शाळा आणि चर्च बांधून दिलं, पोरं शिकायला धाडली. त्यात थिबा होता.

यात राजकारण होतंच. राजाला इंग्रजांची मर्जी हवी होती, मार्क्सना ख्रिस्ती माणसं. पुढे बिनसलं. थिबा मठात गेला, पालीच्या परीक्षा पास झाला.

त्या पोराच्या कानावर काय काय पडलं असेल बघा. शाळेत: जग देवाने निर्माण केलं, माणूस पापी, येशूमुळे क्षमा मिळते. मठात: जगाला कर्ता नाही. देवलोकातले देवसुद्धा मरतात, पुन्हा जन्मतात. बुद्ध देव नाही, प्रेषितही नाही. त्याने वाट दाखवली, चालायचं तुम्ही. होडी वादळात सापडली तर ख्रिस्ती माणूस ऐकणाऱ्या कुणाला तरी हाक मारतो. बौद्धही ‘शरणं गच्छामि’ म्हणतो, पण त्यात ‘मला वाचव’ नसतं.

चर्च बांधून देताना मिंडोनने स्वतःचा धम्म सोडला नाही. आपण मात्र प्रत्येक सर्वधर्म कार्यक्रमात ‘शेवटी देव एकच’ म्हणून मोकळे होतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. १९५६ च्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी सांगते, बुद्ध विष्णूचा अवतार नाही. ती घेतलेल्या माणसाला आपलं हे वाक्य गोड कसं लागेल? ख्रिस्ती माणसालाही येशू म्हणजे देव्हाऱ्यातली आणखी एक तसबीर नको असते. दोघेही सभ्यपणे गप्प बसतात, आपण टाळ्या वाजवतो.

पुढच्या कार्यक्रमात हे वाक्य गाळून बघूया का? त्याऐवजी बौद्ध शेजाऱ्याला विचारू: घरात माणूस गेलं, देव मानत नाही, मग धीर कुठून येतो? आणि ख्रिस्ती शेजाऱ्याला: देव ऐकतो म्हणता, मग तेव्हा त्याने ऐकलं का नाही?