जरा ॲडजस्ट करा

'ॲडजस्ट करणे' हे क्रियापद आपण मराठीत कधीच पचवून टाकलंय. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी, सासरी नव्या सुनेला, भाड्याच्या खोलीत पाचव्या माणसाला... सगळीकडे तेच. गंमत अशी की ॲडजस्ट करायला नेहमी त्यालाच सांगतात ज्याचा आवाज लहान असतो.

अमेरिकेतल्या एका कायदेशीर योजनेच्या नावातच हा शब्द आहे. ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए. परदेशी मालामुळे किंवा कारखानाच परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांना सरकारने द्यायची मदत. मी गेली बरीच वर्षं शार्लटला राहतोय, त्यामुळे या योजनेशी ओळख पुस्तकात होण्याआधी आजूबाजूच्या माणसांत झाली. मग इतिहास वाचत गेलो.

मूळ कल्पना १९५०च्या दशकातली. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी ती एका सरकारी आयोगापुढे मांडली. १९६२ साली केनेडींनी ती कायद्यात आणली. युक्तिवाद सरळ होता. आयात कर कमी केले की सगळ्या देशाला माल स्वस्त मिळतो, पण त्याची किंमत मोजतात काही थोडी गावं, काही थोडे कामगार. फायदा सगळ्यांचा, तर नुकसानही सगळ्यांनी मिळून भरावं. पगाराच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, वर्षभर, शिवाय नव्या कामाचं प्रशिक्षण. या आश्वासनामुळेच मोठ्या कामगार संघटनांनी खुल्या व्यापाराला होकार दिला. म्हणजे ही भीक नव्हती, सौदा होता.

पण खरी मेख बारीक अक्षरांत! आयात वाढली ती मुख्यतः कर कमी केल्यामुळेच, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्या आयातीमुळेच, हे दोन्ही सिद्ध करायचं. परिणाम काय? १९६९ पर्यंत, सात वर्षांत, एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. एकाही! कामगार या योजनेला अंत्यविधीचा विमा म्हणू लागले, त्यात नवल नाही.

१९७४च्या कायद्याने अटी सैल केल्या. १९८० मध्ये जपानी गाड्यांपुढे डेट्रॉइट कोलमडलं तेव्हा वर्षाचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. लगेच १९८१ साली रेगन सरकारने कात्री लावली. आधी नेहमीचा बेकारी भत्ता संपू द्या, मग तेवढीच रक्कम पुढे मिळेल. योजना चालली नाही तेव्हा कुणी बोललं नाही, चालायला लागली तेव्हा महाग वाटली.

आमच्यापासून अर्ध्या तासावर कॅनापोलिस आहे. टॉवेल आणि चादरींच्या गिरणीभोवती वसलेलं गाव. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने ती गिरणी बंद केली आणि परिसरातल्या चार हजारांहून अधिक लोकांचं काम एका दिवसात गेलं. अनेकांचं शाळेचं शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. टीएएमुळे त्यातले बरेच पन्नाशीत पुन्हा वर्गात बसले, आधी शाळेची परीक्षा, मग नवा अभ्यासक्रम. पुढे गिरणी पाडून तिथे संशोधन संकुल उभं राहिलं. देखणं आहे. पण मागावर उभं आयुष्य काढलेल्या बाईला प्रयोगशाळेत कोण घेणार?

आता आपल्या घरात येऊ. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी अर्ज केले तेव्हा सरकारी खात्याचं उत्तर होतं, सॉफ्टवेअर ही 'वस्तू' नाही, सीडीवर विकलं तर गोष्ट वेगळी. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ साली खात्याने भूमिका बदलली. २००९च्या कायद्याने सेवाक्षेत्रातल्या नोकऱ्याही घेतल्या, काम भारतात किंवा चीनमध्ये गेलं तरी.

म्हणजे कॅनापोलिसच्या गोष्टीत मी प्रेक्षक होतो, या गोष्टीत पात्र आहे. २०१० मध्ये आमच्या ऑफिसातला पन्नाशी उलटलेला एक सहकारी सहा आठवडे रोज सकाळी फोनवरून पुण्याच्या टीमला आपलं काम समजावून देत होता. दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना उलगडून सांगायला मी मध्ये. शेवटच्या दिवशी त्याने वही माझ्याकडे दिली आणि म्हणाला, यात सगळं आहे. पुण्यातल्या कुणाच्या तरी घराचा हप्ता त्या वहीतून फिटला असेल, आणि तो फिटावा असंच मला वाटतं. पण वही कुणाची होती हेही विसरू नये.

योजनेचा उपयोग होतो का? २०१२च्या सरकारी मूल्यमापनात लाभार्थी चार वर्षांनंतरही इतरांपेक्षा कमीच कमावत होते. उलट बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने २०१८ मध्ये दहा वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा मदत मिळालेल्यांची एकूण कमाई सुमारे पन्नास हजार डॉलरनी जास्त निघाली. शिकण्यात गेलेला वेळ उशिरा फळतो, एवढं तरी त्यातून दिसतं.

१ जुलै २०२२ ला मुदत संपली, काँग्रेसने ती वाढवली नाही आणि नव्या अर्जांवर निर्णय देणं थांबलं. गाजावाजा नाही, मोठी बातमी नाही.

मला खुपतं ते हे. साठ वर्षं वाद झाला तो मदत किती द्यायची याचा. १९६२ मध्ये ते मदत म्हणून ठरलंच नव्हतं, देणं म्हणून ठरलं होतं. देण्याला मदत म्हटलं की ते थांबवताना कुणाला हिशोब द्यावा लागत नाही. असो.