नियमावर नजर कोणाची? महाडचा शंभर वर्षांचा धडा

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पुढची तीन वर्षे तळ्यावर काहीच बदलले नाही.

म्हणून बोल्यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका हे मानणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करावे. नियम मोडणाऱ्या संस्थेलाच जाब विचारायचा, हा त्याचा गाभा होता. तरीही पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहात. त्यानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. तळ्याच्या वादात उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले.

याच महाड तालुक्यात बिरवाडी, जिते, नडगाव भागात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने आणि औषधांचे कारखाने आले. महाबळेश्वरहून पोलादपूरमार्गे येणारी सावित्री येथून बाणकोटच्या खाडीकडे जाते. त्यामुळे कारखान्याचे सांडपाणी हा काठावरच्या शेतकऱ्याचा आणि खाडीतल्या मच्छीमाराचाही प्रश्न झाला.

पाण्याच्या कायद्यात महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा, आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. तो महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला.

मंडळावर नजर ठेवण्याची सोयही या केंद्रीय कायद्यातच आहे. राज्य सरकारचे लेखी निर्देश मंडळावर बंधनकारक असतात. मंडळाच्या संमतीविषयक आदेशाची कागदपत्रे मागवून तो कायदेशीर आणि योग्य आहे का, हे सरकार स्वतःहून तपासू शकते. मंडळाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८८ च्या दुरुस्तीने कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा अधिकार मंडळाला मिळाला आणि साठ दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात जाण्याचा अधिकार नागरिकाला.

पण फेरविचाराचा अधिकार दुधारी असतो. राज्याने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले. नदीच्या पाण्याच्या वापरानुसार वर्ग ठरवून, पात्रापासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल हे त्यात सांगितले होते. २००९ मध्ये ते सुधारले गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. उद्योगवाढीला त्याची अडचण होते, हे कारण पुढे आले. पंधरा वर्षांचे संरक्षण एका शासन निर्णयाने गेले. असा निर्णय घेण्याआधी नदीकाठच्या गावांना विचारायला हवे होते.

मग न्यायालयांना पुढे यावे लागले. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या प्रदूषण मंडळांना आदेश दिला: ज्या कारखान्याची सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालत नाही, तो चालू ठेवू नका. कायद्यात आधीपासून असलेलीच गोष्ट न्यायालयाला पुन्हा सांगावी लागली.

कामगारांच्या सुरक्षेची तपासणी दुसऱ्या खात्याकडे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेनंतर कारखान्याची चौकशी होते. त्याला परवानगी देणाऱ्या आणि त्याची तपासणी करणाऱ्या खात्याच्या कामाचीही तितकीच कसून चौकशी व्हायला हवी.

केंद्रीय जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ मधली एक तरतूद फारशी कोणी वापरत नाही. कारखान्यांना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि त्या पाण्याची झळ बसणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय महाडलाच आहे. महाड-पोलादपूरच्या ग्रामपंचायतींनी ही नोंदवही मागावी आणि तिच्यातल्या अटी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात.