खाष्ट सासूचा डावा डोळा

मनमाडहून नगरकडे (आता अधिकृत नाव अहिल्यानगर) येताना आधी येवला लागतं. जिल्ह्याची हद्द ओलांडली की कोपरगाव. येवला पैठणीसाठी आणि कोपरगाव शिर्डीच्या वाटेवरचं म्हणून सगळ्यांना माहीत. पण या दोन गावांना जोडणारं आणखी एक नाव आहे: ललिता पवार.

त्यांचा जन्म येवल्याचा, १९१६ सालचा. मूळ नाव अंबा सगुण. मूकपटांच्या काळात लहानपणीच कॅमेऱ्यासमोर आल्या आणि बघता बघता नायिका झाल्या. 'कैलाश' (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. म्हणजे विशीच्या आत नायिका आणि निर्माती! आपण त्या वयात काय करत होतो, ते सोडूनच द्या.

मग १९४२ साल आलं. 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये थोबाडीत मारायचा सीन होता. समोर तेव्हा नवखे असलेले भगवानदादा. थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, बराच काळ उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. वय अवघं सव्वीस. नायिकेचं सगळं भांडवल तिचा चेहरा, आणि घाव नेमका तिथेच. आमच्या धंद्यात लॅपटॉप बिघडला तर आयटीवाले दुसरा देतात. इथे बदलून काय मिळणार?

तर मंडळी, आता कोपरगाव. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा इथेच येऊन राहिले आणि १७८३ मध्ये इथेच वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे 'ध'चा 'मा' करण्याच्या कथेमुळे बदनाम झालेल्या. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) ही आनंदीबाई साकारली ललिताबाईंनी. एव्हाना नायिकेची वाट बंद होत आली होती, चरित्र भूमिकांची उघडत होती.

पुढे त्यांनी तो डोळाच कामाला लावला. मान किंचित तिरकी, डोळा बारीक, की समोरच्या सुनेआधी प्रेक्षकच घाबरायचा! घरोघरी 'अगदी ललिता पवार आहे' ही शिवी झाली. माझ्या मते यापेक्षा मोठी पावती नाही. पण पावती वेगळी आणि पुरस्कार वेगळा.

फिल्मफेअर त्यांना मिळालं ते 'अनाडी'साठी (१९५९). त्यातल्या मिसेस डिसा वरून फणसासारख्या, आत सगळे गरे. भूमिका सुंदरच, प्रश्नच नाही. पण ज्या खाष्टपणासाठी सगळा देश त्यांना ओळखत होता, त्यासाठी फिल्मफेअरच्या यादीत रकानाच नव्हता. कामं असतात, रकाने नसतात.. हे अप्रेझल भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

नकारात्मक भूमिकेसाठी फिल्मफेअरचा वेगळा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तो १९९२ मध्ये. कुणाला माहितीये? 'सडक'मधल्या महाराणीसाठी आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांना! त्यांचा तो हक्कच होता. पण मला उगीच वाटत राहतं, हा रकाना तीस वर्षं आधी असता तर शेजारच्या येवल्यात किती बाहुल्या गेल्या असत्या? आणि गंमत म्हणजे २००७ नंतर तो विभाग बंदही झाला.

असो. ललिताबाई थांबल्या नाहीत. 'संपूर्ण रामायण'मध्ये (१९६१) त्या मंथरा होत्या आणि १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायण'मध्येही पुन्हा त्याच मंथरा. सत्तरी गाठल्यावर, छोट्या पडद्यावर! त्या रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे सांगायला घरात कुणी ना कुणी असेलच. १९९८ मध्ये पुण्यात त्या गेल्या.

सवड काढून आधी 'अनाडी' बघा आणि लगेच 'रामायण'मधली मंथरा. डोळा तोच आहे. एकीकडे त्यात माया आहे, दुसरीकडे विष. बाकी सगळी त्या बाईची मेहनत.