खिंडारात उभा राहणारा

१९६४ साली चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ साली गडचिरोलीचा जिल्हा वेगळा निघाला. पण जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा हे चार दरवाजे होते तेथेच आहेत. गोंड राजांचा हा परकोट आमच्या मुलखाचा अभिमान. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटाला एके जागी खिंडार पाडले आणि त्या वाटेने पलटण शहरात शिरली. किल्लेदार गंगासिंग त्याच लढाईत पडला. तट कोसभर लांब असला तरी शत्रूला चार हातांची वाट पुरते. रक्षकाची खरी जागा मग दरवाज्यात उरत नाही, ती खिंडारात असते.

ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेत हे खिंडार फार जुने आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव असा एक मनुष्य शोधतो, की जो लोकांच्या वतीने तटाच्या खिंडारात आपल्यासमोर उभा राहील. आणि त्याला तसा कोणी सापडत नाही. अशा उभे राहण्याला ते मध्यस्थी म्हणतात. आपण रदबदली म्हणू. मात्र ही रदबदली ताप उतरावा किंवा कर्ज फिटावे म्हणून नव्हे. दुसऱ्याचा आत्मा वाट चुकत आहे असे वाटून त्याच्यासाठी देवापाशी बोलायचे. अब्राहामाने सदोम नगरासाठी केलेली रदबदली वाचताना तर आठवडी बाजारातील घासाघीस आठवते. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील ना? बरे, पंचेचाळीस? असे करता करता तो दहापर्यंत उतरला! चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून येणाऱ्या बाया नातवासाठी नवस बोलतात, तेथे माया हीच, मागणे तेवढे निराळे. आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावा, असे जे मागितले आहे, ते तर या मागण्याच्या अगदी शेजारचे.

अशी रदबदली करणारा एक मराठी माणूस काही काळ आमच्या चांद्यात राहून गेला. त्याचे नाव आज येथे थोड्यांनाच ठाऊक असेल.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा. चित्पावन घराणे, वास्तव्य काशीचे, अभ्यास न्यायशास्त्राचा. काशीत स्मिथ नावाचा पाद्री उपदेश करीत असे; त्याला वादात जिंकावे म्हणून हा तरुण पंडित त्याच्याकडे गेला, आणि वाद करता करता स्वतःच विचारात पडला. घरात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आप्तांच्या दृष्टीने धोक्यात होता तो नीळकंठ, आणि नीळकंठाच्या दृष्टीने आप्त. कोणाची भीती खरी, याचा निवाडा मी करणार नाही. दोन्हीकडची माया मात्र खरी होती. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले.

या नावाची कथा मोठी बोलकी आहे. नहेम्या हा इराणच्या बादशहाच्या पदरी सुखात होता. यरुशलेमचा तट ढासळला, वेशी जळाल्या, ही वार्ता कळताच तो रडला, उपाशी राहिला आणि देवाची करुणा भाकू लागला. त्याने देवाला ‘त्या लोकांनी पाप केले’ असे सांगितले नाही. मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने केले, असे सांगितले. आणि मग रजा घेऊन तट बांधायला गेला!

गोऱ्यांनी १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहून सहाही दर्शनांचे खंडन मांडले. पुढे बिशप मिल्मन यांच्याकडून त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली आणि चांद्याच्या मिशनात त्यांनी काम केले. खंडन करणारा मनुष्य स्वतःच्या मतात पहाडासारखा स्थिर असेल, असे आपल्याला वाटते. गोरे तसे नव्हते. शंकांनी त्यांना जन्मभर छळले. इंग्लंडात काऊली येथील संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून गेले, पण अखेरची व्रते घेण्यास त्यांचे मन धजले नाही. माझ्या मते त्यांच्या रदबदलीचे बळ येथेच आहे. ज्याच्या स्वतःच्या तटाला भेगा आहेत, त्याला दुसऱ्याचे खिंडार लांबून दिसते.

पुण्यात १८८२ च्या सुमारास त्यांची गाठ एका विदुषीशी पडली. ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले होते. पती निवर्तलेले, पदरी लहानगी मनोरमा, आणि जुन्या श्रद्धेचा आधार सुटलेला. गोऱ्यांनी त्यांच्याशी शास्त्रार्थ केला आणि त्या विलायतेस गेल्यावर पत्राने आपले म्हणणे कळवले. शास्त्र्याने शास्त्रिणीशी शास्त्र्यांच्याच पद्धतीने बोलावे, हे विलायती पाद्र्यांना कोठून साधणार? त्या पत्राने आपल्या मनाचा निश्चय झाला, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण रदबदलीने माणूस मुठीत येत नाही. वाँटेजच्या मठातील भगिनींशी रमाबाईंचे खटके उडाले. पटल्याशिवाय कोणतेही मत मान्य करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे तर त्यांनी असेही लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. गोऱ्यांच्या शंकांचा वारसा तो हाच.

१८९५ साली गोरे वारले. त्यानंतर दहा वर्षांनी, जानेवारी १९०५ मध्ये, केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी मुलींपुढे एक गोष्ट काढली: देशातील ख्रिस्ती जनांचे खरे मनःपरिवर्तन व्हावे, म्हणून रोज पहाटे प्रार्थनेस कोण येईल? सुमारे ७० जणी पुढे आल्या. दुष्काळातून उचलून आणलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा अशा त्या मुली. जगाने ज्यांच्यासाठी कधी रदबदली केली नाही, त्या आता इतरांसाठी गुडघे टेकू लागल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली, आणि दिवसातून दोनदा बैठक होऊ लागली. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांच्या यादीत रमाबाईंनी पहिल्याच दिवशी आणखी एक भर घातली होती: आपण स्वतः.