सर्पगंधा: मुळीपासून गोळीपर्यंत

भारताच्या दमट, सावलीच्या जंगलांत आणि पुढे श्रीलंका, ब्रह्मदेश, जावापर्यंत आढळणारे सर्पगंधेचे हात-दीड हात उंचीचे झुडूप पेरापेराशी साधारणतः तिनाच्या झुपक्याने येणारी पाने आणि तांबड्या देठांवरची पांढरी फुले यांवरून ओळखू येते. औषधी सत्त्व मात्र तिच्या कडू मुळीत, त्यातही मुळीच्या सालीत अधिक असते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात सर्पदंशावरच्या ज्या मुळ्यांचे वर्णन केले, त्यांपैकी एक सर्पगंधेची असावी असे अभ्यासक मानतात. नागाशी झुंजणारे मुंगूस ती मुळी खाते, ही त्याने नोंदवलेली कथा पुढे शतकानुशतके सांगितली गेली. सर्पविषावरचा तिचा गुण मात्र कधीच सिद्ध झाला नाही.

तिचा खरा गुण बिहारमधील लोकांना ठाऊक होता. तेथे ही मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई आणि अनावर झालेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी दिली जाई. या वापराची वैद्यकीय तपासणी करून कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिचा परिणाम प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्ये, वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले.

एवढे होऊनही पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली ती मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये 50 रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केल्यावर. औषध जुनेच होते; वकिलांचे श्रेय रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवून ते जगापुढे मांडण्यात आहे, आणि ते थोडे नव्हे. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी रिसर्पीन हे प्रमुख द्रव्य वेगळे केले, तर दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअ‍ॅड्रिनलीन, डोपामीन व सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये रिसर्पिनमुळे हळूहळू संपतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि मनाचा क्षोभ शमतो. परंतु नाक चोंदणे, सुस्ती आणि काहींच्या बाबतीत खोल विषण्णता अशा तक्रारी पुढे आल्या, व नवी औषधे मिळू लागताच रिसर्पीन मागे पडले. अजमलीन मात्र हृदयाच्या लयीतील विशिष्ट दोष उघड करणाऱ्या चाचणीत आजही वापरले जाते.

या औषधांसाठी मुळीला आलेल्या मागणीची झळ जंगलाला बसली, कारण मुळी उपटली की झुडूपच जाते. भारताने मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा औषध कंपन्या आफ्रिकेतील तिच्याच कुळातील, रिसर्पीन असलेल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या, आणि 1990 मध्ये सर्पगंधेचा समावेश धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला.